पाणकावळ्याच्या पोटातले ठोके

सोमवार, ७ फेब्रुवारी १९४४. आर्डनेव्ह.

दुसरा पाणकावळा आज शेडबाहेर आला. सरकारी कागदांवर त्याला भलामोठा नंबर आहे, पण कारखान्यात आणि गावात सगळे पाणकावळाच म्हणतात. शोभतंही ते नाव: बसकं पोट, लांब मान, वर दोन इंजिनं. पाण्यावर उतरायचं तर हा पोटावर उतरतो. जमिनीवर उतरायचं तर दोन्ही कुशींत दुमडून ठेवलेली चाकं खाली सोडतो. नौदलाला म्हणे हेच हवंय, समुद्रात पडलेल्या पोरांना उचलून थेट इस्पितळाच्या दारात नेणारं विमान. जगात असा हा एकच आहे. होते दोन.

पहिला नोव्हेंबरात बुडाला आणि त्याच्याबरोबर निनियन बेअर्ड गेला. वरच्या मैदानावरून निघाला, खाली खाडीत उतरायचं होतं, आणि चाकं खाली सोडलेली. पाण्याला पोटाच्या आधी चाकं लागली की विमान नाकावर कोलांटी घेतं, मग काही उरत नाही. चौकशीवाल्यांनी लिहिलं, वैमानिक विसरला. तसं कोणीही विसरेल. जमिनीवर उतरणाऱ्याचा हात शेवटी आपोआप चाकांच्या दांडीकडे जातो, हयातभराची सवय. पाण्यावर तीच सवय जीव घेते. पण निनियन? मच्छीमाराचा पोरगा, पाण्यावर वाढलेला, तो कसा विसरला? मला त्याचा राग येतो. दुःखापेक्षा राग बरा, त्यात निदान जेवण जातं.

त्याच्या जागी आता मी उडवायचं. राहतोही त्याच्याच घरी, त्याच्या आईकडे. तो होता तेव्हापासूनच मी बेअर्डबाईंचा भाडेकरू. त्याची बहीण ऊना कारखान्यात गणित करते, कुठल्या दांड्यावर किती भार येतो ते. आज शेडमध्ये सगळे टाळ्या वाजवत होते आणि ही चाकांखाली वाकून काहीतरी बघत होती. मी म्हटलं, "काय हरवलंय?" म्हणाली, "माझा भाऊ." 

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

वैमानिकाने अहवाल लिहावा, डायरी लिहू नये, असं मी गेल्या आठवड्यापर्यंत म्हणत होतो. पण आजचं अहवालात लिहिलं तर हॅलिडेसाहेब मला चहा पाजून, पाठीवर हात ठेवून, घरी पाठवतील. साहेब इथले मुख्य इंजिनिअर, दक्षिणेकडचे, फार सभ्य. कान वाजणाऱ्या वैमानिकाला पुन्हा विमान देत नाहीत. म्हणून इथे लिहितो.

पहिलं उड्डाण उत्तम झालं. उतरायला वळलो, इंजिनं मंद केली, पाणी जवळ आलं, आणि माझ्या पायांखाली, पोटात, दोन ठोके पडले. एक डावीकडे, एक उजवीकडे. ठक, ठक. दांडी वरच होती. चाकं वर असल्याचा हिरवा दिवाही लागलेला होता. मी उतरलो. लोण्यासारखा उतरलो.

हे ठोके मला ओळखीचे आहेत. आर्डनेव्हचे मच्छीमार घराकडे वळले आणि धक्का दिसू लागला की टाचेने होडीच्या तळावर दोनदा ठोकतात. आलो, असं पाण्याला सांगायचं. तोंडाने म्हणायचं नाही, दोर बांधेपर्यंत 'पोचलो' हा शब्द इथे कोणी उच्चारत नाही. निनियन विमानातही ठोकायचा. माझ्या मागे बसून उडायचा तेव्हा उतरताना त्याची टाच दर वेळी वाजायची आणि मी दर वेळी शिव्या द्यायचो.

आज मागे कोणी नव्हतं.

शनिवार, १२ फेब्रुवारी

पुन्हा. दोन ठोके, त्याच जागी, इंजिनं मंद केल्यावर. चढताना नाही, सरळ उडताना नाही. घरी यायच्या वेळेलाच.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

एक आठवडा उडतोय. पाण्यावर उतरताना ठोके येतात. थंडी जास्त असली की जोरात येतात. मैदानावर उतरताना मात्र येत नाहीत. तिथे मी आधीच दांडी ओढून चाकं सोडलेली असतात, सगळा खडखडाट असतो, त्यात त्याचं कोण ऐकतंय. आणि मैदान हे काही त्याचं घर नव्हे.

आज राहवलं नाही, डुगल्डला सांगितलं. डुगल्ड लाँच चालवतो. वारा पडला की खाडी आरशासारखी होते आणि वरून पाणी नेमकं कुठे सुरू होतं ते वैमानिकाला दिसत नाही. तेव्हा हा लाँच घेऊन पुढे धावतो, पाणी घुसळून ठेवतो, आणि त्या लाटांवर आम्ही उतरतो. निनियनला पाण्यातून ओढून काढलं तेही त्यानेच.

मला वाटलं हसेल. त्याने पाइप झटकला आणि म्हणाला, "मग ठोकेल नाही तर काय करेल? चांगल्या घरचा पोरगा आहे." वर मलाच झापलं, की तूही उलट ठोकून उत्तर देत जा, एवढी रीत नाही का तुम्हा डंडी शहरवाल्यांना.

थोडं हसू आलं. खरं लिहायचं तर बरंही वाटलं. उद्यापासून ठोकणार आहे.

बुधवार, २३ फेब्रुवारी

आज अक्षराला हसू नये.

सकाळी कडाक्याची थंडी, वारा बिलकुल नाही. डुगल्डच्या लाँचचं इंजिन सुरू होईना, म्हणून पाणी घुसळलेलं नव्हतं. मी म्हटलं, एवढं काय, अंदाजाने उतरू. इंजिनं मंद केली. ठोके आले. मी टाचेने उत्तर दिलं. मग बाजूच्या काचेतून सरळ खाली पाहिलं.

पाण्यातून एक पाणकावळा वर येत होता, पोट माझ्याकडे करून. आपलं प्रतिबिंब मला कळतं, मी काही खुळा नाही. पण त्याचं एक चाक खाली लोंबत होतं. माझी दांडी वर होती, माझा दिवा हिरवा होता, माझी चाकं वर होती. खालच्याचं चाक खाली होतं. तो माझा नव्हता. तो नोव्हेंबरातला होता.

दोन्ही इंजिनं पूर्ण खेचली आणि सुटलो तिथून. चर्चच्या कळसाला वळसा घातला. तोवर डुगल्डची लाँच सुरू झाली, त्याने पाणी घुसळलं, आणि मी डोळे जवळजवळ मिटूनच उतरलो. काही झालं नाही. हॅलिडेसाहेबांनी विचारलं, पहिल्यांदा का सोडून दिलंत? मी म्हटलं, पाणी दिसलं नाही. खोटं नाही ते अगदीच.

फिटर म्हणाला, चाक अडकवून ठेवणाऱ्या आकड्यांचा रंग घासला गेलाय, बघता का? मी म्हटलं, तुझा रंग तू बघ बाबा, मला आज जेवायचंसुद्धा नाही.

मंगळवार, २९ फेब्रुवारी

बेअर्डबाई पिशवी घेऊन किलब्रेनन गावापर्यंत चालत जातात, जाऊन येऊन अख्खी सकाळ. आपल्या गावात दुकान असताना. आज ऊनाकडून कळलं. इथल्या दुकानदारणीने भर गिऱ्हाइकांत म्हटलं होतं, एवढं मोलाचं यंत्र, पोराने विसरून बुडवलं. बाई पुन्हा तिथे गेल्या नाहीत. ऊनाच्या मते आईला हेच खातंय. निनियन विसरला नव्हता हे सिद्ध झाल्याशिवाय आई सुखाने जेवणार नाही, आणि ते सिद्ध केल्याशिवाय मी गप्प बसणार नाही, असं ती मला बटाटे सोलता सोलता म्हणाली.

मी म्हटलं, ऊना, तो माझा दोस्त होता, पण माणूस विसरतो.

"तू विसरतोस," ती म्हणाली. "परवा पायात दोन वेगवेगळे मोजे घालून कामावर आलास. तो आयुष्यात कधी फाटक उघडं टाकून गेला नाही."

मला तिला सांगायचं होतं की तो अजून येतो, रोज येतो, ठोकून सांगतो. सांगितलं नाही. सांगून तिला काय मिळणार? आणि ती सरळ हॅलिडेसाहेबांकडे जाईल, मग पाणकावळा जाईल दुसऱ्याच्या हातात. त्या दुसऱ्यासाठी निनियन ठोकेल का? मला तेही सहन होणार नाही. हे लिहिल्यावर कळलं की मी थोडा बिघडलोय.

सोमवार, ६ मार्च

नौदलाचे लोक पुढच्या आठवड्यात बघायला येणार. पाणकावळा पसंत पडला तर कारखाना चालेल, नाहीतर शेडला कुलूप आणि गावातली अर्धी माणसं घरी. आता शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी आकडे टिपायला हवं. ऊनाने हात वर केला. हॅलिडेसाहेब गडबडले. बाईमाणूस, शिवाय निनियनची बहीण, वगैरे. ती म्हणाली की आकडे मीच मांडलेत, मलाच वाचता येतात, आणि घाबरायचं असेल तर ते मी वर जाऊन ठरवीन.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणायला हवं होतं. का, ते सांगता आलं नसतं. म्हणून हो म्हटलं.

गुरुवार, ९ मार्च

भांडण. ऊनाला कळलं की मी उतरताना पाय आपटतो. डुगल्डने सांगितलं असणार, म्हातारा तोंडाचा फाटका. तिने लापशीचं भांडं माझ्यासमोर आदळलं आणि विचारलं की ही माझ्या भावाची नक्कल कशासाठी चाललीय. मी म्हटलं, इथली रीत आहे. ती म्हणाली, रीत इथल्यांची आहे, तुझी नाही. बेअर्डबाई मधे पडल्या, म्हणाल्या, "ठोकू दे गं त्याला. कोणीतरी ठोकतंय हे बरंच आहे." त्यांचा आवाज इतका शांत होता की आम्ही दोघं गुमान खाऊ लागलो.

मंगळवार, १४ मार्च

नीट क्रमाने लिहितो.

सकाळी रंगीत तालीम म्हणून ऊनाला घेऊन उडालो. उद्या नौदलवाले यायचे होते. थंडी पुन्हा उलटली होती, खाडी गुळगुळीत, पण डुगल्डने पाणी छान घुसळून ठेवलेलं. ऊना वर अजिबात घाबरली नाही. घरावरून गेलो तेव्हा खाली आईने वाळत घातलेल्या चादरी बघून हसली. नोव्हेंबरापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

उतरायला वळलो. इंजिनं मंद केली. ठक, ठक.

मी टाच उचलली आणि ऊना म्हणाली, "काय वाजलं?"

तिला ऐकू येईल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. मी एकटाच बिघडलेलो नव्हतो. मी म्हटलं, "तुलाही ऐकू आलं? ऊना, तो निनियन आहे. रोज ठोकतो. आपण घरी आलो की ठोकतो. घाबरू नकोस."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती आता रडणार असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने पट्टा सोडला, बाजूच्या काचेला गाल लावला आणि खाली, मागे पाहिलं. पाणी एवढं जवळ होतं की लाटांवरचा फेस दिसत होता. मी हसत होतो. हे मला विसरता येणार नाही, मी हसत होतो.

"चाक खाली आहे," ती म्हणाली. "आर्ची, वर घे."

मी दिव्याकडे पाहिलं. हिरवा. दांडी वर. मी म्हटलं, नाही गं, वर आहे.

"आर्ची. वर घे."

घेतलं. इंजिनं ओरडली, लाँच खालून सर्रकन गेली. डुगल्ड तिच्यात उभा राहून दोन्ही हात हलवत होता. ऊना काचेला चिकटून बघतच होती आणि बोलत होती, आवाज न चढवता, ऑफिसात बोलते तसा. चाकांचे आकडे सुटलेत. दोन्ही. एका चाकाचा पाय लोंबतोय. आता इंजिन जोरात आहे तर तेलाचा दाब वाढलाय, पाय वर चाललाय. गेला, बसला जागेवर. मंद केलंस की पंप मंद होतो, थंडीत तेल घट्ट, दाब पडतो, आकडे उडतात. एरवी उरल्या दाबावर पाय टिकतो, कडाक्याच्या थंडीत तोही सुटतो. दिवा चाकाला जोडलेलाच नाही, दांडीला जोडलाय. दांडी वर असेल तर चाक कुठेही असो, दिवा हिरवाच. मग ती थांबली. मग म्हणाली, "दोन ठोके. दोन आकडे."

मी वरच्या मैदानाकडे वळलो, रीतसर चाकं सोडली, जमिनीवर उतरलो. इंजिनं बंद केली.  मला तिची माफी मागायची होती, पण तोंड उघडलं की रडू येईल अशी अवस्था होती. ते आलंच. महिनाभर ते मरणाचं यंत्र माझ्या पायांखाली वाजत होतं आणि मी त्याला दोस्त समजून उत्तरं देत होतो. ऊनाने माझा हात धरला आणि म्हणाली, "तो विसरला नव्हता, आर्ची. ऐकतोयस का? तो विसरला नव्हता." तिचा चेहरा इतका उजळला होता की मला तिच्याकडे बघवेना.

गुरुवार, १६ मार्च

हॅलिडेसाहेबांनी विमान शेडमध्ये टांगून घेतलं, स्वतः खाली झोपून इंजिनं मंद करायला लावली. थंड तेलावर आकडे उडाले, सगळ्यांसमोर. साहेब उठले, कपडे झटकायचे विसरले, आणि ऊनाला म्हणाले, "मिस बेअर्ड, चौकशीचा निष्कर्ष मी आजच्या आज मागे घ्यायला लावतो." नौदलवाल्यांना थांबवलंय. नवे आकडे, चाकाला जोडलेला दिवा, मग बोलवू म्हणाले. कारखाना तरतो का बुडतो, कोण जाणे. फिटर माझ्याकडे बघत होता. त्याने रंगाबद्दल सांगितलं होतं, ते तो साहेबांना बोलला नाही. मीच सांगितलं. साहेब म्हणाले, बरं.

आईला आत्ता सांगायचं नाही, असं ऊनाने ठरवलंय. सही झालेला कागद हातात आला की मग. तिने पेस्ट्रीसाठी साखर साठवायला घेतलीय. इतकी खूश की जिन्यावरून गाणं म्हणत उतरते.

रविवार, १९ मार्च

कागद काल आला. आज दुपारी जेवणं झाल्यावर ऊनाने तो आईसमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. टेबलावर चमचे मांडून दाखवलं, हा पाय, हा आकडा, हा पंप. चूक यंत्राची होती, आई. निनियन काही विसरला नव्हता. उद्या मी हा कागद त्या दुकानदारणीच्या काउंटरवर ठेवणार आहे.

बेअर्डबाईंनी चमच्यांकडे पाहिलं. कागदाला हात लावला नाही. म्हणाल्या, "लोकांचं मला काही नव्हतं गं. ते तुला होतं."

"मग तू किलब्रेननला का जात होतीस?"

"ती त्याचं नाव घेते, ते ऐकवत नाही म्हणून." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तो ठोका. आकडा सुटल्याचा. निनियनला ऐकू आला असणार?"

मी म्हटलं, आला असेल.

"म्हणजे त्याला कळलं."

ऊनाचा हात चमच्यावर तसाच राहिला. बाई सावकाश बोलत होत्या, एकेक शब्द जागेवर ठेवल्यासारख्या. "मी रोज मनाशी म्हणायची, तो शीळ घालत आला असेल. विसरला तर विसरला. विसरलेल्या माणसाला भीती वाटत नाही. एवढ्यावर मी झोपत होते." मग विचारलं, "आर्ची, ठोका पडल्यापासून पाण्यापर्यंत किती वेळ असतो?"

मी म्हटलं, "वेळ नसतोच, बेअर्डबाई. ठोका आणि पाणी एकदमच."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. मी चांगला खोटं बोलतो, पण त्या मला दोन वर्षं जेवू घालतायत. त्या ऊनाकडे वळल्या.

"तू होतीस ना शेजारी. तू सांग."

ऊना कधी खोटं बोलत नाही. लहानपणी तिच्यामुळे निनियनने किती मार खाल्ला ते त्यानेच मला सांगितलं होतं. तिने आईचे दोन्ही हात हातात घेतले.

"खरंच वेळ नसतो गं आई," ती म्हणाली. "मला काही कळलंच नाही. आर्चीने वर घेतल्यावर कळलं."

बाईंनी मान हलवली. चमचे गोळा केले, धुवायला नेले. ऊना माझ्यासमोर बसून होती आणि आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

वेळ असतो. ऊनाला पट्टा सोडून खाली बघता आलं, मला दोनदा हाक मारता आली, मी हसलो, तिला नाही म्हटलं, आणि तरीही वर घेता आलं, इतका असतो. निनियन त्या दिवशी एकटा उडत होता.